टीमक्सच्या एका पडद्यावर सहा सर्व्हर

पडद्यावर सहा चौकटी आहेत. प्रत्येकीत एकेका सर्व्हरचा लोड, मेमरी, डिस्क दिसते आहे आणि सगळे आकडे शांत आहेत. तरीही तिसऱ्या चौकटीतला सर्व्हर वीस मिनिटांपूर्वीच नेटवर्कवरून तुटलेला असू शकतो, आणि तिथे दिसणारा ०.४२ हा लोड तो तुटण्याआधीचा शेवटचा असू शकतो. एसएसएचची, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर आत नेणारी, जोडणी निमूटपणे मेली की चौकट काळी पडत नाही, शेवटचं चित्र तसंच राहतं. अनेक सर्व्हरवर एका टर्मिनलमधून नजर ठेवण्यातली खरी मेख इथे आहे. एका टर्मिनलच्या अनेक चौकटी करणाऱ्या टीमक्समध्ये चौकटी पाडणं पाच मिनिटांचं काम आहे. चौकट आत्ताचं दाखवते आहे की मघाचं, हे पाहताक्षणी कळायला मात्र मांडणी लागते, आणि खालचं सगळं त्या मांडणीबद्दल आहे.

उदाहरणाला सहा लिनक्स सर्व्हर घेऊ: एनजिनएक्स हा वेबसर्व्हर चालवणारे वेब१ आणि वेब२, पोस्टग्रेस डेटाबेसचे डीबी१ आणि त्याची प्रतिकृती डीबी२, कामांची रांग सांभाळणारा क्यू१, आणि बॅकअप१. या सगळ्यांकडे बाहेरून जायला एकच मशीन उघडं आहे, त्याला ‘दार’ म्हणू. कमांड, पर्याय, फायलींची नावं आणि त्यांतले आकडे इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिले आहेत. कीबोर्डवर ते रोमनमध्ये, लहान अक्षरांत टाइप करायचे. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

टीमक्स कुठे चालवायचं

लॅपटॉपवर नाही. लाइट गेली, वायफाय बदललं, झाकण मिटलं की सहाच्या सहा जोडण्या एकदम तुटतात. टीमक्सचा फायदाच हा की सेशन मागे चालू राहतं आणि आपण हवं तेव्हा त्याला येऊन जोडले जातो. म्हणून ते कायम चालू असलेल्या मशीनवर, म्हणजे दारवर, चालवायचं. लॅपटॉपवरून दारला एक एसएसएच, तिथे ‘टीमक्स अटॅच -टी नजर’, आणि निघताना कंट्रोल-बी सोडून डी. घरून पाहिलं, ऑफिसातून पाहिलं, तरी चौकटी त्याच आणि त्यांचा इतिहासही तोच.

यात एक खाच आहे. बरेच जण दारवर चावी ठेवायची नको म्हणून लॅपटॉपवरचा एसएसएच एजंट (चावी सांभाळून ओळख पटवणारा प्रोग्रॅम) पुढे पाठवतात. आपण लॅपटॉपवरून जोडलेले असेपर्यंत ते छान चालतं. बाहेर पडलो की एजंटचा सॉकेट नाहीसा होतो. त्यानंतर एखादी जोडणी तुटली तर टीमक्समधला एसएसएच पुन्हा आत जाऊ शकत नाही आणि ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ म्हणत बसतो. रात्री कोणी पाहत नसताना जोडणी आपोआप परत जुळायला हवी असेल, तर दारवर स्वतःची चावी लागणारच. मग ती चावी इतकी लंगडी करून ठेवायची की चोरीला गेली तरी आकडे पाहण्यापलीकडे तिचा उपयोग होऊ नये.

बघण्यापुरती चावी

दारवर नवी चावी बनवा:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ -एफ ~/.एसएसएच/नजर

पासफ्रेज रिकामा ठेवा, कारण रात्री तो टाइप करायला कोणी नसेल. सहाही सर्व्हरवर ‘नजर’ नावाचा एक साधा वापरकर्ता तयार करा. त्याला सूडो (प्रशासकाचे अधिकार) नाही, पासवर्ड नाही. त्याच्या ऑथराइज्ड-कीज फायलीत सार्वजनिक चावीच्या ओळीआधी, त्याच ओळीत हे लिहा:

रिस्ट्रिक्ट,पीटीवाय,कमांड="/यूएसआर/लोकल/बिन/नजर"

‘रिस्ट्रिक्ट’ने पोर्ट फॉरवर्डिंग, एजंट फॉरवर्डिंग, टर्मिनल सगळं बंद होतं. त्यातलं टर्मिनल आपल्याला हवं आहे म्हणून ‘पीटीवाय’ लगेच परत द्यायचं. ‘कमांड’मुळे या चावीने आत आलेल्याने काहीही मागितलं तरी सर्व्हर ती एकच स्क्रिप्ट चालवतो. या युक्तीने अवतरणचिन्हांचा एक जुना घोळही सुटतो. समजा, थेट असं लिहिलं:

एसएसएच -टी वेब१ वॉच -एन ५ 'अपटाइम; फ्री -एम; डीएफ -एच'

तर अवतरणचिन्हं आपल्याच बाजूचं शेल काढून टाकतं. पलीकडे पोचते ती ‘वॉच -एन ५ अपटाइम’, आणि तिच्यामागे अर्धविरामाने तोडलेल्या दोन वेगळ्या कमांड. वॉच कधी संपत नाही, त्यामुळे त्या दोघींची पाळीच येत नाही. पडद्यावर फक्त अपटाइम फिरत राहतो आणि मेमरी का दिसत नाही ते कळत नाही. टीमक्सने अवतरणांचा आणखी एक थर चढवला की हिशोब फारच अवघड होतो. स्क्रिप्ट सर्व्हरवरच ठेवली की हा प्रश्नच येत नाही.

इथे हमखास अडकण्याच्या तीन जागा आहेत. नजर या वापरकर्त्याचं शेल ‘नोलॉगिन’ ठेवलं तर सुरक्षित वाटतं, पण बांधलेली कमांडसुद्धा त्याच शेलमधून चालते. त्यामुळे ‘धिस अकाउंट इज करंटली नॉट अव्हेलेबल’ असं सांगून जोडणी बंद होते. शेल साधं /बिन/एसएच ठेवा. दुसरी जागा म्हणजे ‘एरर ओपनिंग टर्मिनल’. पुढे ‘अननोन’ लिहिलं असेल तर टर्मिनल मागितलंच गेलेलं नाही: चावीच्या ओळीत पीटीवाय आणि आपल्या बाजूला -टी, दोन्ही हवेत. पुढे ‘टीमक्स-२५६कलर’ लिहिलं असेल तर जुन्या सर्व्हरला त्या टर्मिनलची ओळख नाही. दारवरच्या टीमक्सच्या कॉन्फिगमध्ये डिफॉल्ट-टर्मिनल ‘स्क्रीन-२५६कलर’ केलं की काम होतं. तिसरी जागा खालच्या बॅचमोडची.

दारवरच्या ~/.एसएसएच/कॉन्फिग फायलीत सहा सर्व्हरांच्या होस्ट, होस्टनेम, यूजर आणि आयडेंटिटीफाइल या ओळी लिहा. मग सगळ्यात खाली ‘होस्ट *’ करून त्याखाली:

सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल १०
सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स ३
कनेक्टटाइमआउट ५
बॅचमोड येस

पहिल्या दोन ओळी या सगळ्या उद्योगाचा कणा आहेत. नजर ठेवणारी जोडणी फक्त ऐकते, बोलत काहीच नाही. समोरचा सर्व्हर एकदम नाहीसा झाला, किंवा मधल्या राउटरने जोडणी विसरून टाकली, तर आपल्या बाजूला कळायला काही कारणच उरत नाही, कारण पाठवलेलं काही परत आलं नाही असं घडतच नाही. टीसीपीची स्वतःची चाचपणी असते, पण लिनक्समध्ये तिचा मुळातला अवधी ७,२०० सेकंद आहे. दोन तास गोठलेले आकडे बघत बसायची सोय! सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल मुळात शून्य, म्हणजे बंद असतं. १० दिलं की दहा सेकंद काही आलं नाही तर एसएसएच स्वतः हाक मारतं, आणि तीन हाकांना उत्तर नाही मिळालं की जोडणी तोडतं. म्हणजे साधारण ३० ते ४० सेकंदांत चौकटीला सत्य कळतं.

बॅचमोडमुळे एसएसएच पासवर्ड किंवा ‘येस का नो’ विचारत थांबून राहत नाही, लगेच चूक सांगून बाहेर पडतं. म्हणूनच पहिली ओळखपाळख हाताने करून घ्यावी लागते. प्रत्येक सर्व्हरवर एकदा बॅचमोडशिवाय जा, यजमान चावीचा ठसा ताडून पाहा, मग येस म्हणा. हे राहिलं तर चौकटीत ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ दिसत राहील.

सर्व्हरवरची स्क्रिप्ट

दोन छोट्या फायली. पहिली /यूएसआर/लोकल/बिन/नजर. तिच्यात टीझेड हा चल, मोठ्या अक्षरांत, ‘एशिया/कोलकाता’ (यात ए आणि के मोठे) करून एक्स्पोर्ट करा आणि मग ‘एक्झेक वॉच -टी -एन ५ /यूएसआर/लोकल/बिन/नजर-एक’. दुसरी नजर-एक, जी दर फेरीला एकदा चालून संपते.

टीझेडची ओळ गाळू नका. भाड्याचे सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर असतात, ऑफिसातलं मशीन भारतीय वेळेवर. एका चौकटीत ०९:०२ आणि शेजारी १४:३२ दिसलं की डोळा मनातल्या मनात साडेपाच तास मिळवू लागतो, आणि त्या हिशोबात सात मिनिटांनी मागे पडलेलं घड्याळ सहज निसटतं. सगळ्या चौकटींत एकच वेळ दिसली पाहिजे, म्हणजे वेगळं घड्याळ खटकतं. यामुळे सर्व्हरचा स्वतःचा टाइमझोन बदलत नाही, फक्त या स्क्रिप्टपुरती वेळ भारतीय दिसते.

वॉचचा -टी हा पर्याय त्याची वरची ओळ काढून टाकतो. अरुंद चौकटीत ती कापली जाते, म्हणून नजर-एकची पहिली ओळ आपण स्वतः छापायची: होस्टनेम, एक मोकळी जागा आणि ‘डेट +%टी’ने तास-मिनिटं-सेकंद. इथला टी मोठा. ही वेळ त्या सर्व्हरवर छापलेली आहे, आपल्या मशीनवर नाही. दर पाच सेकंदांनी ती पुढे सरकली की तीन गोष्टी एकदम सिद्ध होतात: सर्व्हर चालू आहे, जोडणी जिवंत आहे आणि स्क्रिप्ट अडकलेली नाही. गोठलेली चौकट शेजारणींपेक्षा मागची वेळ दाखवते आणि लगेच ओळखू येते.

बाकी ओळी या क्रमाने ठेवा: अपटाइम, फ्री -एम, ‘डीएफ -एच -एल -एक्स टीएमपीएफएस’, ‘डीएफ -आय /’, आणि शेवटी ‘सिस्टिमसीटीएल इज-अ‍ॅक्टिव्ह’पुढे त्या सर्व्हरवर चालू असायलाच हव्यात अशा सेवांची नावं. डीएफला -एल द्यायचं कारण असं की एखादा एनएफएसचा जोड (नेटवर्कवरून जोडलेली डिस्क) मेला असेल तर साधं डीएफ त्याची वाट पाहत लटकतं आणि अख्खी चौकट थांबवतं. घड्याळ थांबल्यामुळे कळेल खरं, पण सर्व्हर गेल्याची खोटी हूल उठेल.

दर दोन सेकंदांनी ताजे आकडे मागण्याचा मोह टाळा. वॉचचा मूळ अवधी दोनच सेकंदांचा आहे, आणि आधीच दमलेल्या सर्व्हरवर दर दोन सेकंदांनी सात-आठ प्रोसेस जन्माला घालणं त्याला मदतीचं नाही. पाच सेकंद पुरतात. बॅकअप१ला तीसही चालतील, फक्त मग त्याचं घड्याळ तीस-तीसच्या उड्या मारतं हे लक्षात असू द्या.

आकडे वाचताना

लोडचे तीन आकडे म्हणजे गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी. चार कोअरच्या सर्व्हरवर ४ म्हणजे भरलेला, दोन कोअरच्यावर तोच ४ म्हणजे रांग लागलेली. म्हणून पहिल्या ओळीत होस्टनेमशेजारी एनप्रॉकचा आकडाही छापून ठेवला तर चौकटींची तुलना सोपी जाते. लिनक्स लोडमध्ये डिस्कसाठी अडून बसलेल्या प्रोसेसही मोजतो. लोड १२ आणि सीपीयू मोकळा, असं दिसलं तर दोष बहुधा डिस्कचा किंवा लटकलेल्या एनएफएसचा असतो, प्रोसेसरचा नव्हे.

फ्रीमध्ये ‘फ्री’ हा रकाना पाहून घाबरू नका. मोकळी मेमरी लिनक्स फायलींच्या साठ्यासाठी वापरून टाकतो आणि गरज पडली की परत देतो. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’. डीएफ -आयची ओळ निरुपयोगी वाटते, पण रांगेच्या सर्व्हरवर लाखो बारक्या फायली साचल्या की डिस्क ४० टक्केच भरलेली असताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं. आयनोड, म्हणजे फायलींच्या नोंदीच्या जागा, संपलेले असतात, आणि ते इथेच दिसतं.

सगळ्यात जास्त सीपीयू खाणाऱ्या प्रोसेस स्क्रिप्टमध्ये पीएसने दाखवू नका. पीएसचा सीपीयू टक्का हा प्रोसेस जन्मल्यापासूनची सरासरी असतो. आठवडाभर शांत असलेली आणि आत्ता पिसाळलेली प्रोसेस तिथे शून्याजवळच दिसेल. त्यासाठी त्या सर्व्हरवर जाऊन टॉप उघडावं. तीच गोष्ट व्हीएमस्टॅटची: त्याची पहिली ओळ सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून दुसरीपासून वाचायचं.

तुटल्यावर परत जोडणारा पहारा

चौकटीत थेट एसएसएच चालवलं आणि जोडणी तुटली, तर टीमक्स ती चौकट बंद करून जागा शेजारणीला देतो. सहाच्या पाच झाल्या हे ध्यानातच येत नाही, विशेषतः पाचही जणी निरोगी दिसत असतील तर. ‘रिमेन-ऑन-एक्झिट’ चालू केलं की मेलेली चौकट जागेवर राहते आणि ‘रिस्पॉन-पेन’ने परत उठवता येते. हाताने उघडलेल्या चौकटींसाठी ते पुरेसं आहे. कायमच्या पहाऱ्याला मात्र दारवर एक स्क्रिप्ट ठेवा, नाव ‘पहारा’. आत अखंड फिरणारा व्हाइल लूप आणि त्यात या क्रमाने चार गोष्टी: ‘एसएसएच -टी’ आणि दिलेलं नाव, मग क्लिअर, मग सर्व्हरचं नाव, ‘TUTLE’ या अर्थाचा एक ठळक शब्द आणि वेळ, जी टी (कीबोर्डवर टी-ई-ई) या कमांडद्वारे, म्हणजे ‘टी -ए’ने, एका फायलीतही लिहिली जाईल, मग दहा सेकंद स्लीप.

क्लिअर विसरू नका. वॉच टर्मिनलचा वेगळा पडदा वापरतो, आणि जोडणी अचानक तुटली तर तो आवरायला कोणी उरत नाही. मग जुने आकडे तसेच राहतात आणि तुटल्याचा संदेश त्यांच्यात कुठेतरी एका ओळीवर चढतो. घाईत पाहणाऱ्याला आकडे दिसतात, संदेश दिसत नाही. आणि हा संदेश रोमन अक्षरांतच ठेवा. जोडाक्षरं आणि मात्रा किती रकाने घेतात यावर टर्मिनलांचं एकमत नसतं. मराठी ओळ आली की चौकटीची उभी रेघ वाकडी होते आणि शेजारच्या चौकटीत अक्षरं सांडतात.

चौकटी पाडणं

सेशन स्क्रिप्टमधून बांधणार असाल तर सुरुवात अशी:

टीमक्स न्यू-सेशन -डी -एस नजर -एक्स २२० -वाय ५० "पहारा वेब१"

-एक्स आणि -वाय गाळले तर कोणी जोडलेलं नसताना टीमक्स सेशनला ८० रकाने आणि २४ ओळी धरतो. त्यात सारखी फोड करत गेलं की लवकरच ‘नो स्पेस फॉर न्यू पेन’ येतं. मग उरलेल्या पाच नावांसाठी लूपमध्ये दोन ओळी: ‘टीमक्स स्प्लिट-विंडो -टी नजर "पहारा नाव"’ आणि लगेच ‘टीमक्स सिलेक्ट-लेआउट -टी नजर टाइल्ड’. मांडणी प्रत्येक फोडीनंतर सारखी करायची, शेवटी एकदाच नाही. नाहीतर दर वेळी शेवटचीच चौकट अर्धी होत जाते आणि पुन्हा तीच चूक समोर येते.

टाइल्डमध्ये सहा चौकटी तीन आडव्या ओळींत, दोन-दोन अशा बसतात. २२० बाय ५०मध्ये प्रत्येकीला साधारण १०९ रकाने आणि १५ ओळी मिळतात, म्हणून नजर-एक जे छापते ते सगळं १४ ओळींत बसवा. जास्त झालं तर वॉच खालचं कापतो, आणि सेवांची स्थिती खालीच असते. कॉन्फिगमध्ये ‘पेन-बॉर्डर-स्टेटस टॉप’ केलं की प्रत्येक चौकटीच्या माथ्यावर नाव येतं. ते नाव ‘सिलेक्ट-पेन’ला मोठा टी हा पर्याय देऊन ठेवता येतं.

कळा फारशा लागत नाहीत. कंट्रोल-बीनंतर झेड म्हणजे ती चौकट पूर्ण पडदाभर, पुन्हा झेड म्हणजे परत. क्यू म्हणजे चौकटींचे क्रमांक. टक्क्याचं चिन्ह उभी फोड करतं, दुहेरी अवतरणचिन्ह आडवी. दोघांनी वेगवेगळ्या आकाराच्या टर्मिनलवरून एकच सेशन उघडलं तर मोठ्या पडद्यावर कडेला ठिपके दिसतात. ती खराबी नव्हे, खिडकी (चौकटींचा अख्खा संच) दुसऱ्याच्या आकाराला बांधलेली असते.

लॉगसाठी वेगळी खिडकी

बांधलेल्या चावीने लॉग, म्हणजे सेवांनी लिहिलेल्या नोंदींच्या फायली, दिसणार नाहीत. त्यासाठी तुमची नेहमीची चावी आणि दुसरं सेशन वापरा. ‘टेल’ला मोठा एफ द्या, लहान नाही. लहान एफ उघडलेल्या फायलीला धरून बसतो. रात्री लॉगरोटेटने फाइलचं नाव बदलून नवी उघडली की टेल जुन्याच फायलीकडे पाहत राहतो, आणि सकाळी लॉग शांत दिसतो. मोठा एफ नावाला धरतो आणि नवी फाइल आली की तिच्याकडे वळतो. ही गोठलेल्या चौकटीचीच दुसरी जात, फक्त इथे मदतीला घड्याळही नसतं.

टेलपुढे ग्रेप आणि ग्रेपपुढे आणखी एक ग्रेप लावला, तर पहिला ग्रेप ओळी साठवून एकदम पुढे ढकलतो आणि कमी रहदारीच्या सर्व्हरवर चूक कित्येक मिनिटं उशिरा दिसते. पहिल्याला ‘--लाइन-बफर्ड’ द्या.

लॉग गप्प होणं हीच बातमी असेल, उदाहरणार्थ क्यू१वर कामं थांबली असतील, तर टीमक्सचं ‘मॉनिटर-सायलेन्स ३००’ वापरा. पाच मिनिटं काही आलं नाही की स्टेटसच्या ओळीत त्या खिडकीवर खूण उमटते. हे अख्ख्या खिडकीला लागू असतं. चारपैकी एका चौकटीत जरी काही हललं तरी शांतता मोडते, म्हणून असा लॉग एकटा एका खिडकीत ठेवा.

एकदम सहाही ठिकाणी टाइप करणं

‘सेटडब्ल्यू सिंक्रोनाइझ-पेन्स ऑन’ म्हटलं की एका चौकटीत टाइप केलेलं सगळ्यांत जातं. सहाही ठिकाणी एखाद्या पॅकेजची आवृत्ती पाहायला याच्यासारखं साधन नाही. पण हे नजर ठेवायच्या सेशनमध्ये कधीच नको, कामाच्या वेगळ्या सेशनमध्येच करा.

तिथेही वरचा बाण दाबू नका. प्रत्येक सर्व्हरच्या शेलचा इतिहास वेगळा असतो. डोळ्यांसमोरच्या चौकटीत ‘अपटाइम’ आलं म्हणून एंटर दाबाल, आणि डीबी१वर त्याच एंटरने मागच्या आठवड्यातलं ‘रीस्टार्ट पोस्टग्रेस’ चालेल. टॅबने नाव पूर्ण करणंही तसंच: एका ठिकाणी एकच फाइल असते, दुसरीकडे दोन. पूर्ण कमांड हाताने टाइप करा, एंटर दाबण्याआधी सहाही चौकटी वाचा, काम झालं की लगेच बंद करा. चालू आहे की बंद ते दिसण्यासाठी ‘विंडो-स्टेटस-करंट-फॉरमॅट’मध्ये ‘पेन-सिंक्रोनाइझ्ड’ ही अट घालून लाल पार्श्वभूमी द्या. एका कळीवर ‘सेटडब्ल्यू सिंक्रोनाइझ-पेन्स’ बांधा. पुढे ऑन-ऑफ लिहिलं नाही की दर वेळी उलट होतं, आणि बंद करायला आळस होत नाही.

सर्व्हर वाढले तर

नऊ चौकटींना २२० रकान्यांत प्रत्येकी ७२च्या आसपास मिळतात. तिथपर्यंत डोळा पुरतो. बाराला उंची अकरा-बारा ओळींवर येते आणि डीएफ कापलं जातं. त्यापुढे चौकटी वाढवण्यापेक्षा दोन खिडक्या करा, एकीत वेब आणि दुसरीत डेटाबेस.

आणि वीस-पंचवीस सर्व्हर लॅपटॉपवरून दारमधून प्रॉक्सीजंपने एकदम उघडत असाल, तर काही चौकटी ‘केईएक्स-एक्स्चेंज-आयडेंटिफिकेशन’ने सुरू होणारी चूक दाखवून पडतील. ते दारवरच्या एसएसएचडीच्या (जोडण्या स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मॅक्सस्टार्टअप्समुळे. मुळात ते १०:३०:१०० असतं: ओळख न पटलेल्या दहा जोडण्या झाल्या की त्यापुढच्यांतल्या ३० टक्के नाकारायला सुरुवात होते. लूपमध्ये दोन चौकटींमध्ये अर्धा सेकंद स्लीप टाकला की प्रश्न मिटतो, सर्व्हरची सेटिंग बदलायची गरज पडत नाही. टीमक्स दारवरच चालत असेल तर जोडण्या तिथून वेगवेगळ्या सर्व्हरांकडे जातात आणि हा अडथळा येतच नाही.

हे सगळं समोर माणूस बसलेला असताना कामाचं आहे, म्हणजे नवी आवृत्ती चढवताना, डेटाबेस हलवताना, परीक्षेच्या निकालासारख्या गर्दीच्या तासाला. पहाटे तीन वाजता टीमक्स कोणाला उठवत नाही. त्यासाठी इशारे पाठवणारी व्यवस्था वेगळी लागते.

खरंच कळतं का, ते तपासा

मांडणी झाली की एक जोडणी मुद्दाम मारून पाहा, बॅकअप१ची. तिथे रूट म्हणून आधी परतीची सोय पार्श्वभूमीत लावा: ९० सेकंद स्लीप आणि मग दारकडे जाणारं सगळं अडवणारा फायरवॉलचा नियम काढणारं ‘आयपीटेबल्स -डी आउटपुट -डी’ दारचा पत्ता ‘-जे ड्रॉप’. यात पहिला डी मोठा, दुसरा लहान, आणि आउटपुट व ड्रॉप मोठ्या अक्षरांत. त्यानंतरच तोच नियम मोठ्या आयने घाला. क्रम उलटा केलात तर स्वतःच बाहेर अडकाल.

आता नजरच्या सेशनकडे पाहा. बॅकअप१चं घड्याळ जागेवर थांबलं पाहिजे आणि बाकी पाच पुढे गेली पाहिजेत. ३० ते ४० सेकंदांत चौकट साफ होऊन तुटल्याचा संदेश आणि वेळ दिसली पाहिजे. नियम निघाला की पंधरा-वीस सेकंदांत आकडे आपोआप परत यायला हवेत. घड्याळ थांबलं पण मिनिटभरात संदेश आला नाही, तर दोन ओळींचं ते कॉन्फिग लागूच झालेलं नाही. ‘एसएसएच’ला मोठा जी देऊन पुढे बॅकअप१ लिहिलं की प्रत्यक्षात लागू होणारी सगळी सेटिंग छापली जाते, त्यात सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल शोधा. तिथे ० असेल तर ‘होस्ट *’ त्या फायलीत आहे का, आणि पहारा ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याचीच ती फाइल आहे का, ते पाहा. १० सोडून दुसरा आकडा दिसला तर वर कुठेतरी त्याच सर्व्हरसाठी तो आधी लिहिलेला असणार. एसएसएच एका सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतं, नंतरची नाही.